बेंबळीची पोरं आणि पुलावरची गाडी

उस्मानाबादला जाणार म्हटल्यावर पुण्यात मला दोनच प्रश्न विचारले गेले. तिथे पाणी आहे का, आणि तिथे तुझं काय काम? पहिल्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं चांगलंच ठाऊक होतं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेत काही भागांतली मुलं मागे का पडतात, त्यांचं घर, शाळा, वडिलांचं काम यांचा गुणांशी काही संबंध आहे का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. पुण्यात बसून गणितं मांडता आली असती. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांचं तोंड पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही. घरच्यांनी हा हट्ट म्हणून सोडून दिला आणि सामानात पाण्याची मोठी सुरई भरली.

मोठा दुष्काळ हटून तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. भाद्रपद चालू होता. सुरईची गरज पडली नाही.

येडशी

कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या रुळांच्या गाडीत बसलं, की घाई नावाची गोष्ट मागे राहते. चढावर गाडी इतकी मंदावते की माणसं उतरून शेताच्या कडेला जाऊन परत चढतात. बार्शी सोडल्यावर डोंगर जवळ आले आणि मी खिडकीला नाक लावलं. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं भेगाळलेल्या जमिनीचे फोटो पाहिलेले. इथे डोंगरावर दाट झाडी होती, खाली तूर आणि हायब्रीड ज्वारी डोलत होती.

शेजारच्या बाईंनी न विचारता माझ्या ओंजळीत उकडलेल्या शेंगा ओतल्या. आमच्याकडे आधी नाव-गाव कळतं, मग खाऊ निघतो. इथे शेंगा संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं निघालाव माय?"

"धाराशिवला. भरतीच्या कामाला."

"भरतीला?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डबाभर हसू पसरलं. "आता बाया बी धाडायलेत का लढाईला!"

सरकारी पाटीवर उस्मानाबाद, पण बोलताना सगळे धाराशिवच म्हणतात, हे मला त्या डब्यातच कळलं.

येडशीला सुभेदार निकम जीप घेऊन आले होते. साताऱ्याकडचे, पिळदार मिशांचे, माझ्या दिमतीला दिलेले. जीप सुरू होण्याआधीच त्यांनी माझं काम संपवून टाकलं.

"बाई, तुम्ही उगाच तसदी घेतलीत. आमच्याकडं पोराच्या पणज्यापासनं सगळे पलटणीत. रक्तातच असतं ते. हितल्या पोरांच्या रक्तात न्हाई, एवढंच."

"रक्तानं पेपर लिहिता येत नाही, सुभेदार," मी म्हणाले. "हातानं लिहावा लागतो."

ते हसले. पुढचे सगळे दिवस आमचं हे भांडण चालू राहिलं, आणि त्या भांडणामुळेच ते मला आवडू लागले.

धाराशिव

मैदानावरच्या चाचण्या आणि लेखी परीक्षा मी पोचण्याआधीच आटोपल्या होत्या. धावण्यात इथली मुलं कुणाला हार गेली नव्हती. लेखीत मात्र बरीच गळाली होती. भरतीचे प्रमुख असलेल्या मेजरसाहेबांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवल्या. ते नागपूरकडचे, मोजकं आणि सभ्य बोलणारे. त्यांचं मत सुभेदारांपेक्षा दयाळू होतं. "ही मुलं ऐन वाढीच्या वयात दुष्काळी कामांवर होती," ते म्हणाले. "सरकारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन राहिली. डोक्याला पोषण मिळालं नसेल."

मी दिवसभर कचेरीतल्या बाकावर बसून पेपर पाहिले. दुपारी समोरच्या खानावळीतून ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची अशी चटणी आली की डोळ्यांतलं पाणी पेपरांवर पडू नये म्हणून मी तोंड फिरवून जेवले.

जेवणानंतर एक गोष्ट लक्षात आली. नापास मुलांपैकी कितीतरी जणांनी सुरुवातीचे प्रश्न अचूक सोडवले होते. अक्षर नेटकं, खाडाखोड नाही. मग मध्येच एक अवघड उदाहरण येत होतं. अमुक लांबीची आगगाडी तमुक लांबीचा पूल किती वेळात ओलांडेल? तिथे कच्चं काम भरपूर, आणि त्यापुढे सगळं कोरं. पुढचे प्रश्न याहून सोपे होते. ते कुणी वाचलेलेच दिसत नव्हते.

"डोक्याला पोषण नसतं तर आधीची उत्तरं बरोबर आली नसती," मी मेजरसाहेबांना म्हटलं. "ही मुलं पुलावर अडकलीत. यांनी मोठी गाडी आणि मोठा पूल पाहिलेलाच नाही. प्रश्न शहरी आहे."

हे मी अगदी छातीठोकपणे सांगितलं. साफ चुकीचं होतं, ते दोन दिवसांनी कळलं.

तुळजापूर

तुलना करायची तर पास झालेला मुलगाही पाहायला हवा. म्हणून आम्ही आधी तुळजापूरला गेलो. पास झालेल्या अनंतचं घर देवळाच्या उतरणीवरच्या गल्लीत होतं. वडील कचेरीत कारकून, आजोबा पुजारी. मी आल्याचं कळताच पाट मांडले गेले. पुण्यात "जेवून आलात ना?" म्हणतात. इथे वाढून झाल्यावर हात धुवायला पाणी देतात, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. अळूची पातळ भाजी मी दोनदा मागून घेतली. सुभेदारांनी किती वेळा घेतली हे मी मोजलं नाही.

अनंत बोलका होता. मी त्याला पुलाच्या उदाहरणाबद्दल विचारलं.

"ते मला आलंच नाही," तो सहज म्हणाला. "सोडून दिलं."

"आणि पुढे गेलास?"

"हो. दादानं शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या वेळीच सांगितलंय, येईल ते आधी लिही. अडलं की पुढे."

मी त्याचा पेपर पाहिला होता. त्यातली बरीच उत्तरं चुकली होती. तरी तो पास होता, कारण शेवटपर्यंत पोचला होता. मी मान डोलावली, पण त्याच्या त्या साध्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही. माझ्या डोक्यात अजून पूलच होता.

बेंबळी

नापासांपैकी ज्याचा पेपर मला सर्वांत आवडला होता तो गौतम सोनवणे, राहणार बेंबळी. तिकडे निघालो आणि वाटेत ओढ्याच्या उतारावर जीप काळ्या मातीत रुतली. सुभेदारांनी ढकललं, ड्रायव्हरनं ढकललं, मी साडी खोचून ढकललं. जीप आणखी खाली गेली. शेवटी दूध सोसायटीचा टेम्पो आला. गावोगावी सोसायट्या निघून दूध गोळा व्हायला लागलं होतं, आणि रोज सकाळी हा टेम्पो रिकामे कॅन वाटत भरलेले उचलत फिरायचा. आम्ही दोघं कॅनवर बसलो. एका खड्ड्यात झाकण उडालं आणि सुभेदारांच्या कडक इस्त्रीच्या विजारीवर म्हशीचं दूध सांडलं.

"बेंबळीकडचं हाय, पाणी न्हाय त्यात," टेम्पोवाला मागे वळून म्हणाला. "डाग ऱ्हाईल."

गौतम सोसायटीच्या दारातच भेटला. उंच, काटक, गालफडं वर आलेली. सुभेदारांना पाहून तो ताठ झाला. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं. त्याला वाटलं निकाल बदलला. तसं नाही म्हटल्यावर त्यानं एकदाच मान हलवली आणि आम्हाला घरी नेलं.

विटांचं नीटस घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली गौतमची सातवीपासूनची पुस्तकं. वडील साखर कारखान्यावर कामाला गेलेले. त्यानं स्वतः चहा केला आणि सुभेदारांपुढे कप धरताना जरा थबकला. "चालंल का साहेब?"

"सगळी हयात एकाच लंगरात जेवलोय," सुभेदार म्हणाले. "आण हिकडं." चहा त्यांनी बशीत ओतून भुरकला.

गौतमची गोष्ट थोडक्यात अशी. दुष्काळात शाळा सुटली, आईबापाबरोबर पाझर तलावावर माती उचलली. पाऊस आला तसा परत शाळेत जाऊन बसला, आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात. ही त्याची दुसरी भरती. "फुडल्या खेपंला वय सरतंय माझं," तो म्हणाला.

मी माझा सिद्धान्त बाहेर काढला. "मोठी आगगाडी कधी पाहिलीयस?"

"व्हय की. सोलापूरला."

"आणि लांब पूल?"

"भीमेवरचा. गाडीतूनच पाह्यलाय." त्याला प्रश्नाचा रोख कळेना. सुभेदार मिशीत हसले. माझा पूल तिथेच कोसळला.

त्याच्या आईला भेटायचं म्हणून आम्ही रानात गेलो. भुईमुगाच्या वावरात बायका ओळीनं खुरपत होत्या. प्रत्येकीनं आपापली पात धरलेली, म्हणजे आपापली ओळ. गौतमची आई गयाबाई सगळ्यांच्या पुढे होती. ठेंगणी, आवाज खणखणीत. एका तरुण बाईच्या पातीत हराळीचं जाड बेट आलं होतं. ती खुरप्यानं खणत होती, घामानं निथळत होती आणि बाकीच्या पुढे चालल्या होत्या.

"ते तेवढं सोडून पुढे का जात नाही ती?" मी विचारलं. "मागाहून येऊन काढेल."

गयाबाईंनी खुरपं थांबवलं. "मागनं कोण येतंय बाई? पात धरली की पात. मधी सोडली तर त्या बाईला उद्या कोण बोलवंल कामाला?"

मी त्या हराळीकडे पाहत राहिले. मग गौतमकडे वळले.

"गौतम, पुलाचं उदाहरण अडलं, तर तू पुढे का गेला नाहीस?"

"अर्धं टाकून?" त्यानं असं विचारलं की जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते. "सुटत आलतं बाई. आनखी जराशानं सुटलं असतं. घंटाच झाली."

"मग सुटलंच नाही?"

"सुटलं की. बेंबळीच्या यष्टीत सुटलं." आणि त्यानं उत्तर सांगितलं. बरोबर होतं.

पेपराच्या पहिल्या पानावर बारीक टायपात छापलेलं होतं, न येणारा प्रश्न सोडून पुढे जावे. तू ते वाचलं नाहीस का, विचारलं तर म्हणाला, वाचलं. पण ते कामचुकारांसाठी असेल असं त्याला वाटलं. अनंतच्या घरात परीक्षा देऊन आलेला भाऊ होता. त्यानं परीक्षेचं गुपित जेवताना सांगून टाकलं होतं. गौतमच्या घरात परीक्षेला बसलेला पहिला माणूस गौतमच. त्याला काम कसं करायचं ते माहीत होतं, परीक्षा कशी द्यायची ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी ते त्याला समजावून सांगायला लागले. गयाबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी मला अडवलं.

"तुमी माझ्या लेकराला अर्धं सोडायला शिकवायलाव व्हय?"

"फक्त कागदावर, गयाबाई."

"कागदावर सुटलं की रानात बी सुटतंय. मग माणूस न्हाय ऱ्हात कामाचा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "सोडायचं म्हणजे टाकायचं नाही. जेवढं हाताशी आहे तेवढं आधी पदरात घ्यायचं. मग वेळ उरला तर हराळीकडे परत यायचं. तिथे मागून येणारं दुसरं कुणी नाही, तोच आहे."

त्यांनी गौतमकडे पाहिलं. "परत यायचं बघ," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खुरपायला लागल्या. माझ्या म्हणण्याला ती परवानगी होती की नाही, मला समजलं नाही. गौतमला समजली असावी. त्याचे खांदे सैल झाले.

पुन्हा धाराशिव

बेंबळीहून परतताना सुभेदार विजारीवरचा दुधाचा डाग खरवडत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं पेपराचं आधी सांगतात पोरांना. चुलता, मामा, कुणी ना कुणी सांगतंच." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे रक्तात नसतं म्हणा." जिंकलेल्या भांडणात गप्प बसणं मला फारसं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

कळंबला पुढची परीक्षा होती. जागा उरल्या होत्या, म्हणून इथे लेखीत गळालेल्यांनाही तिथे बसता येणार होतं. मी मेजरसाहेबांकडे गेले आणि पुलाबद्दल माझं कसं चुकलं ते आधी सांगून टाकलं.

"परीक्षेआधी ती छापील सूचना मुलांना बोलून समजावून सांगू द्या."

"सगळ्या देशात एकच पद्धत आहे, मॅडम. मी एका जिल्ह्यासाठी वेगळी परीक्षा घेऊ?"

"पेपर तोच. वेळ तीच. पास व्हायचे गुण तेच. सूचनाही तीच, तुमच्याच पानावरची. फक्त ती या मुलांपर्यंत पोचलेली नाही. हुकूम पोचला नाही तर तुम्ही शिपायाला दोष देता का?"

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली. "आणि एकदा सांगून फरक पडला नाही तर?"

"तर मी अहवालात लिहीन की माझं चुकलं."

"पुलाबद्दल लिहिणार होता तसं?"

तो टोला मला मिळायलाच हवा होता. मी हसले, तेही हसले. "सर्वांना सांगायचं," ते म्हणाले. "एकालाही वेगळं नाही. आणि सांगणार सुभेदार, तुम्ही नाही. तुमचं पुणेरी त्यांना परीक्षेइतकंच परकं आहे."

हेही खरंच होतं.

कळंब

कळंबला बाजाराचा दिवस होता. धान्याच्या पोत्यांनी रस्ता अडलेला, आमची जीप बैलगाड्यांमागे गोगलगायीसारखी. शाळेच्या पटांगणात मुलं ओळीनं बसली. गौतम दुसऱ्या रांगेत होता. त्याच्या शेजारी कळंबजवळच्याच एका वस्तीवरचा इस्माईल, धावण्यात सगळ्यांना मागे टाकून आलेला, सतत हसणारा.

सुभेदार पुढे उभे राहिले. मिशीवरून हात फिरवला.

"ऐका रे. दुश्मनाचा एक मोर्चा फुटंना, तर सगळी पलटण तिथंच बसून ऱ्हाती का? न्हाई. वळसा घालून फुडं जाती. बाकीचं रान जिंकती. मग माघारी येऊन त्या मोर्चाला बघती. ह्या पेपरात असंच हाय. अडला, वळसा घाला. ह्याला पळपुटेपणा म्हणत न्हाईत. हा हुकूम हाय. समजलं?"

"व्हय साहेब!" पटांगण दणाणलं.

पेपर वाटले गेले. मी व्हरांड्यात खांबाशी उभी राहिले. मला बोलायची मुभा नव्हती आणि ते बरंच होतं. गौतम एकेक प्रश्न करत चालला होता. मग त्याची पेन्सिल थांबली. या पेपरात गाडी नव्हती, हौदाला दोन नळ होते, पण अडचण तीच. त्यानं कच्चं काम मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. शेजारचे पान उलटत होते. तो त्या हौदात बुडालेलाच. सुभेदार रांगांमधून फिरत होते. तेही त्याच्या मागे येऊन क्षणभर रेंगाळले, आणि एक शब्द न बोलता पुढे गेले.

मग गौतमनं मान वर केली, डोळे मिटले, उघडले आणि पान असं उलटलं की त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

घंटा व्हायच्या जरा आधी तो परत मागच्या पानावर आला होता. हौद भरला की नाही, मला दिसलं नाही.

उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत ऊन कलायला आलं. सुभेदारांनी पायरीवर उभं राहून नावं वाचली. धाराशिवात गळालेली बरीच मुलं या वेळी उभी राहत होती. गौतम सोनवणे हे नाव आल्यावर तो उठला, सलाम ठोकला आणि हात खाली घ्यायला विसरला.

इस्माईलचं नाव आलं नाही. मी त्याचा पेपर मागून पाहिला. पठ्ठ्यानं जरा अडलं की वळसा घातला होता. वळसे घालत घालत सगळा पेपरच पार करून बाहेर पडला होता. म्हणजे माझं औषध सगळ्यांना लागू नव्हतं. त्याच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंत, पुढचं त्यानं आपलं आपण वाचलेलं. ती उणीव एका भाषणानं भरून निघणारी नव्हती. हे मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. पहिली गोष्टही लिहिली. सूचना परीक्षेआधी मुलांच्या बोलीत समजावून सांगावी, अशी शिफारस केली.

पटांगणाच्या फाटकातून गयाबाई आत आल्या. डोक्यावर वळकटी, हातात मोठं गाठोडं. त्या निकालाआधीच बेंबळीहून निघाल्या होत्या.

"झालं न्हवं?" त्यांनी गौतमला विचारलं. त्यानं मान हलवली. "मग हे घे. अंथरूण हाय, आन वाटंला भाकरी."

सुभेदारांना हसू आवरेना. "ताई, आजच न्हाई न्यायचा त्याला. कागद यील घरी, मग जायचं."

गयाबाईंनी त्या सगळ्या सैन्याच्या कारभाराकडे नाराजीनं पाहिलं. "मग येवढ्या भाकरीचं काय करू म्या?"

निंबाच्या झाडाखाली फडकं पसरलं गेलं. ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदा, हुलग्याचं घट्ट पिठलं. सुभेदार मांडी घालून बसले, मी बसले, पास झालेली बसली, नापास झालेलीही बसली. कुणाला जा म्हणायचं हे त्या बाईंना माहीतच नव्हतं. इस्माईल जरा लांब उभा होता. त्यांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि भाकरीवर पिठलं घातलं.

शेवटचा घास गिळून त्यानं सुभेदारांना विचारलं, "साहेब, आता भरती कुठं हाय?"

"लातूरला. दिवाळी झाल्यावर."

"वय बसतंय माझं?"

"बसतंय."

"मग फिकीर न्हाय," तो म्हणाला. गौतमला त्यानं विचारलं, तुझी पुस्तकं आता पडूनच राहणार ना? गौतम म्हणाला, उद्या ये आणि घेऊन जा.

बाहेर त्याच्या वस्तीकडची एस.टी. उभी होती, कंडक्टर ओरडत होता. इस्माईलनं तिच्याकडे पाहिलंही नाही. चपला काढून हातात घेतल्या, आम्हाला सगळ्यांना मिळून एक सलाम केला आणि फाटकाबाहेर पडून, बाजाराच्या गाड्यांमधून वाट काढत, धावत सुटला.

"जाईल हं त्यो," गयाबाई म्हणाल्या आणि उरलेल्या भाकरी फडक्यात बांधायला लागल्या.